हात्सुएताईच्या ताट्या

आमच्याकडे जपानात वादळांना नावं ठेवत नाहीत, नंबर देतात. त्या ऑगस्टात नऊ नंबरचं होतं. आठ नंबरचं चीनकडे निघून गेलं होतं, त्याचं कुणी काही मनावर घेतलं नाही. नऊ नंबरचं मात्र आमच्या दक्षिणेला भर समुद्रात आठवडाभर घिरट्या घालत बसलं. टीव्हीवरचा माणूस नकाशावर रोज नवा बाण काढायचा आणि रोज कालच्या बाणाबद्दल माफी मागायचा.

त्या आठवड्यात मिसागीच्या किनाऱ्यावरचे आम्ही सगळे दुकानदार बाणाकडे बघत नव्हतो. आम्ही हात्सुएताईच्या ताट्यांकडे बघत होतो.

जुलै लागला की आम्ही वाळूत खांब रोवून समुद्रघरं उभी करतो आणि ऑगस्ट संपला की मोडतो. सात घरं, एका ओळीत. फळ्यांची बैठक, वर पत्रा, तिन्ही बाजूंनी बोरूच्या ताट्या, मागे गोड्या पाण्याच्या न्हाण्या. टोकियोची माणसं येतात, कपडे बदलतात, बर्फाच्या भुग्यावर लाल सरबत ओतून खातात, झोपतात आणि जाताना टॉवेल विसरतात. माझ्या घरात परतलेल्या नूडल्स मिळतात. शेजारचं घर हात्सुएताईचं. तिच्याकडे बर्फ, करी-भात आणि फटकळपणा.

हात्सुए कुरातानी ही बाई मूळची डोंगरातली. लग्न होऊन इथं आली तोवर तिने समुद्र फक्त कॅलेंडरवर पाहिला होता, आणि अजूनही तिचा पाय घोट्याच्या वर भिजलेला मी पाहिलेला नाही. "खारट पाण्यात कशाला शिरायचं? घरी नळ आहे," असं ती म्हणते, आणि हे ती पोहायला आलेल्या गिऱ्हाइकांना म्हणते. गिऱ्हाइकं हसतात. त्यांना वाटतं म्हातारी थट्टा करतेय.

तिचे यजमान किकुजी. मी तिला ताई म्हणतो म्हणून ते माझे भावजी. माणूस देव होता, आणि देवासारखाच जागचा हलायचा नाही. एक खिळा ठोकायचा तर आधी खिळ्याकडे बघायचे, मग भिंतीकडे, मग चहा. ते जाऊन आता सहा-सात वर्षं झाली. तेव्हापासून ती घर एकटी चालवते.

मुलगा योशिहारु टोकियोपलीकडे साईतामाला दहाव्या मजल्यावर राहतो. तिथून काय दिसतं म्हणून मी एकदा विचारलं, तर ताई म्हणाली, "समोरचा दहावा मजला." त्या जूनमध्ये योशिहारु आला होता. माझ्याच ओट्यावर बसून, माझ्याच नूडल्स खात त्याने आईला बजावलं.

"आई, हे शेवटचं सांगतो. तुला एकटीला झेपत नाही असं एकदा जरी दिसलं, की परवाना परत द्यायचा आणि माझ्याकडे यायचं. मोरिवाकीकाका, तुम्ही ऐकलंत ना? तुम्ही साक्षीला."

"मला कशाला मध्ये ओढतोस? नूडल्स खा," मी म्हणालो.

"आई?"

"बरं," ताई म्हणाली. एवढंच म्हणाली. पण 'बरं' म्हणून तिने शब्द फिरवलेला माझ्या ऐकिवात नाही, आणि हे योशिहारुलाही ठाऊक होतं.

आता ताट्यांचं सांगतो. वादळाचा इशारा आला की ताट्या सोडायच्या, चटया आणि भांडी मच्छीमार सोसायटीच्या गोदामात टाकायची आणि घराचा नुसता सांगाडा किनाऱ्यावर ठेवून घरी जायचं. वारा सांगाड्यातून आरपार निघून जातो, खांब टिकतात. ताट्या तशाच राहिल्या तर त्यांचं शीड होतं, आणि मग घर उठून चालायला लागतं. हे सगळ्यांना माहीत आहे. घोडं अडतं ते एवढ्यावर, की सुरुवात कुणी करायची. आपण ताट्या सोडल्या आणि वादळ आलंच नाही तर चार दिवस लोक चेहरा पाडून म्हणणार, "असू दे, सावध असलेलं बरं." आमच्या गावात यापेक्षा मोठी शिवी नाही. शिवाय आपण सुरू केलं की शेजाऱ्यालाही सुरू करावं लागतं, म्हणजे आपण त्याचा धंदा बसवला. त्यामुळे पहिलं व्हायला कुणी तयार नसतं. दुसरं व्हायला सगळे एका पायावर.

फक्त हात्सुएताई पहिली असायची. आजूबाजूला न बघता, कुणाला न विचारता ती शिडी लावायची आणि वरच्या गाठी सोडायला घ्यायची. पंधराएक वर्षांपूर्वी टीव्हीवर म्हणाले की वादळ समुद्रातच विरेल. ताईने सकाळीच ताट्या सोडल्या. रात्री वादळ आलं. दुसऱ्या दिवशी तिचं एकटीचं घर उभं होतं. तेव्हापासून किनाऱ्यावर ठरूनच गेलं: ताईच्या ताट्या उतरल्या की आपल्या उतरवायच्या. तुला कसं कळतं, हे तिला कुणी कधी विचारलं नाही. असं थेट विचारणं म्हणजे समोरच्याला अडचणीत टाकणं, आणि त्यापेक्षा आम्ही अंदाजावर आयुष्य काढतो.

पुढचं ऐकताना तुमचा तरी घोटाळा नको म्हणून आताच सांगून टाकतो. जुलैच्या अखेरीला ताई न्हाणीच्या ओल्या फळीवरून घसरली आणि बर्फाच्या पेटीसकट उजव्या खांद्यावर आपटली. हात छातीच्या वर जाईना. शिडीवर चढून गाठी सोडणं दूरच, केस बांधणंही होईना. तिने कुणाला सांगितलं नाही. सांगितलं की ते योशिहारुच्या कानावर जाणार, आणि तो गाडी घेऊन येणार. म्हणून तिने केस कापून टाकले आणि सरबत डाव्या हाताने ओतायला लागली. आम्ही म्हणालो, केस छान दिसतात.

सोमवारी लाटा मोठ्या झाल्या. आकाश निळंशार, वारा नाही, आणि समुद्र मात्र उगाचच चिडलेला. जीवरक्षकांनी लाल झेंडा लावला. पोहणं बंद म्हणजे गिऱ्हाईक बंद. आम्ही आपापल्या ओट्यांवर हातावर हात धरून बसलो आणि हळूच तिकडे बघितलं. ताट्या जागच्या जागी होत्या. ताई तिच्या बाकावर बसून आमच्याकडे बघत होती.

मंगळवारी पाऊस येऊन गेला आणि ऊन पडलं, परत पाऊस आला. बाण पश्चिमेकडे वळला. ताट्या होत्या.

बुधवारी बाण परत आमच्याकडे वळला. माझ्या पलीकडच्या घरातून पोहायच्या टायरी आणि छत्र्या भाड्याने देणाऱ्या तेराओची बायको शिझु माझ्याकडे काडेपेटी मागायला आली. तिच्याकडे गॅसचा लायटर आहे.

"मोरिवाकीसान, ताई काही बोलल्या का?"

"काय बोलणार?"

"काही नाही. सहज."

"मग तूच जाऊन विचार की सहज."

"छे. मी कशी विचारू? त्यांना वाटेल मी घाई करतेय." ती काडेपेटी न घेताच गेली.

गुरुवारी आमच्या दुकानदारांच्या संघटनेची सभा झाली. अध्यक्ष नेझु. या माणसाचं घर ओळीच्या दक्षिण टोकाला आहे, आणि तो 'नमस्कार' म्हणण्याआधीसुद्धा सर्वांचं मत घेतो.

"नऊ नंबरबाबत आपण सर्वांनी काय ते ठरवावं असं मला वाटतं. अर्थात तुम्हा सर्वांना तसं वाटत असेल तर," नेझु म्हणाला.

सगळ्यांनी माना डोलावल्या. कशाला डोलावल्या ते कुणालाच माहीत नव्हतं. मग खोलीतल्या सगळ्या माना हात्सुएताईकडे वळल्या.

"हात्सुएसान, तुमचं काय म्हणणं?"

ताईने चहा खाली ठेवला, डाव्या हाताने. "तुम्ही सगळे कराल तसं," ती म्हणाली.

एवढं ऐकलं आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. ताईला काळजी नाही म्हणजे वादळ येत नाही. नेझुने सभेतूनच फोन लावून शनिवार-रविवारच्या गर्दीसाठी मक्याच्या कणसांची पोती मागवली. तेराओने नव्या टायरी फुगवायला घेतल्या. मला सांगायला हरकत नाही, मीही कोबी कापून ठेवला. ताई मात्र सभेतून शेवटची उठली. ती बोलली ते खरं होतं. तिच्या मते आमच्यापैकी कुणीतरी एकाने सुरुवात केली की सगळे सुरू होतील, आणि स्वतःचं आटोपलं की रीतीप्रमाणे कुणीतरी शेजारी डोकावून विचारेल, 'तुमचं काही राहिलंय का?' तेव्हा 'थोडं राहिलंय' म्हणायचं. म्हणजे मागायला नको आणि झेपत नाही असं दिसायलाही नको. तिचा हिशेब इतका साधा होता. ती आमची वाट बघत होती आणि आम्ही तिची.

शुक्रवारी तिने नेहमीसारखा 'बर्फ मिळेल'चा झेंडा बाहेर टांगला. वाऱ्याने तो आडवा झाला होता, तरी नेझु मला म्हणाला, "बघा, ताईंनी झेंडा लावलाय." मी म्हणालो, "दिसतंय." त्याला बरं वाटलं.

शनिवारी सकाळी नऊ नंबरला एकदम शुद्ध आली. गावच्या भोंग्यावरून सांगितलं की दुपारनंतर वादळ आमच्या अंगावरून जाणार, किनाऱ्यावर कुणी थांबू नये. आकाश पिवळट झालं होतं. ओळीतली सातही घरं ताट्यांसकट उभी होती, आणि बाकी सहा घरांचे मालक उलट्या झालेल्या छत्र्या हातात धरून हात्सुएताईच्या ओट्यासमोर जमले होते. पुढे नेझु.

"हात्सुएसान. मग आज काय?"

"काय म्हणजे?"

"नाही, ताट्या."

"आहेत की."

"हो, त्या दिसताहेत. म्हणजे राहू द्यायच्या ना?"

"तुम्ही का नाही सोडल्या?" ताईने विचारलं.

"आम्ही तुमच्याकडे बघत होतो."

"आणि मी तुमच्याकडे बघतेय. सोमवारपासून."

नेझुने मागे वळून सर्वांचं मत घेतलं. मागे कुणाला मत नव्हतं.

"आमच्याकडे कशाला बघायचं, ताई?" मी म्हणालो. माझं डोकं फिरायला लागलं होतं. "तुला काही कळलं असेल तर सांग, नसेल कळलं तर तसं सांग. पत्रे वाजायला लागलेत."

ती बाकावरून उठली. शिडीपाशी गेली, डाव्या हाताने एक पायरी धरली, एक पाऊल वर टाकलं आणि उजवा हात उचलून दाखवला. तो छातीपर्यंत आला आणि थांबला. मी पुढे होऊन तिला खाली घेतलं.

"एवढाच जातो," ती म्हणाली. "मला हे एकटीला जमणार नाही. हात लावा जरा."

हे ती अगदी 'दोन प्लेट करी' म्हणतात त्या आवाजात म्हणाली. पण तिचा चेहरा पांढरा पडला होता, आणि मला एकदम जूनमधलं ते 'बरं' आठवलं. वारा होता म्हणून बरं, डोळे पुसायला कारण मिळालं.

शिझुला मात्र त्या वेळीही राहवलं नाही. "मग ताई, इतकी वर्षं तुम्हाला वादळ येणार ते कळायचं कसं?"

"मला कुठे कळायचं? आमच्या ह्यांना एक गाठ सोडायला अर्धा दिवस लागायचा. उशिरा सुरुवात केली असती तर ह्यांच्यासकट वाहून गेलो असतो. ते गेले, मग मी एकटी. तेव्हा आणखी लवकर."

"पण त्या वर्षी टीव्हीवर नाही म्हणाले, तरी तुम्ही..."

"ताट्यांना बुरशी आली होती. धुवायला काढल्या होत्या."

नेझुने उलटी झालेली छत्री सुलटी करून बघितली.

"आणि त्या वर्षाआधी कितीदा तरी वादळ यायचंच नाही," ताई म्हणाली. "मी निमूट परत बांधायचे. ते तुमच्यापैकी कुणाला आठवत नाही."

खरंच कुणाला आठवत नव्हतं. मी आठवून बघितलं, तर मलाही एक-दोनदा तिला ताट्या परत बांधताना पाहिल्याचं आठवलं. मला वाटायचं, घट्ट करतेय.

यानंतर कुठल्याही शहाण्या गावात माणसं धावली असती. आमच्याकडे आधी नेझु वाकून तेराओला म्हणाला, "आधी तुमचं घर घेऊ." तेराओ म्हणाला, "छे छे, अध्यक्षांचं आधी." शिझु म्हणाली, "मोरिवाकीसानांकडे गॅस आहे, त्यांचं आधी." कुणाचा तरी पत्रा उडून वाळूत उभा रुतला, तरी यांचं वाकणं चालूच.

"आधी तिचं," मी ओरडलो. "तिने मागितलंय. तुम्ही कुणी मागितलंय का? मग गप्प शिडी धरा."

मी सहसा ओरडत नाही असं मी म्हणतो, बायको वेगळं सांगते. पण त्या दिवशी उपयोग झाला. ताईच्या ताट्या आम्ही बघता बघता उतरवल्या. ती खाली उभी राहून सूचना देत होती. "वरची आधी. ती नाही, त्याच्या शेजारची. तेराओसान, गाठ सोडायची असते, तिच्याशी भांडायचं नसतं." चटया, कढया, बर्फ किसायचं यंत्र गोदामात गेलं. मग शेजारचं माझं घर घेतलं, मग तेराओचं. चौथं घर उरकलं तेव्हा वाळू तोंडावर सुयांसारखी लागत होती आणि अग्निशमन दलाचे लोक कर्णा घेऊन आम्हाला हाकलायला आले. उरलेली तीन घरं आम्ही आसऱ्याला गेलो त्या शाळेच्या खिडकीतून बघितली. नेझुचं घर शेवटचं. ते ताट्यांसकट उठलं, चार पावलं रस्त्याकडे आलं, विचार बदलल्यासारखं थांबलं आणि मोडलं. नेझु म्हणाला, "अच्छा." आणि बसला.

रविवारी इतकं स्वच्छ ऊन पडलं की राग यावा. किनाऱ्यावर कणसंच कणसं होती आणि घारींची पंगत बसली होती. तीन घरं नव्हती. माझे आणि पलीकडच्या दोघांचे खांब होते, पण पत्रे वाऱ्याने आणि बैठकीच्या फळ्या समुद्राने नेल्या होत्या. ताईच्या घराचा सांगाडा पत्र्यासकट काल सोडला तसाच्या तसा उभा होता.

दुपारी रेल्वे सुरू झाली आणि पहिल्याच गाडीने योशिहारु आला. आम्ही सगळे ताईच्या ओट्यावर बसलो होतो, कारण बसण्यासारखा ओटा तेवढाच उरला होता. त्याने सांगाड्याकडे पाहिलं, मोडलेल्या घरांकडे पाहिलं, मग आईकडे.

"आई, हे सगळं तू एकटीने उतरवलंस?"

मग नेझुने, स्वतःचं घर गेलेल्या त्या माणसाने, घसा साफ केला. "हो तर. आम्ही यायच्या आतच हात्सुएसानांनी सगळं..."

"अगदी," तेराओ म्हणाला. "आम्ही नुसते बघत होतो."

सगळ्यांनी माना डोलावल्या. या वेळी कशाला डोलावतोय ते सगळ्यांना माहीत होतं. मीही डोलावली. योशिहारु माझ्याकडे बघत होता, साक्षीला होतो ना मी. ताईने मान डोलावली असती तर प्रश्न मिटला असता.

"नाही," ताई म्हणाली. "मला जमलं नाही. हात वर जात नाही. यांनी उतरवलं."

"कधीपासून जात नाही?"

"जुलैपासून."

"मग फोन का नाही केलास?"

"तू आला असतास."

योशिहारु बॅग घेऊन ओट्याच्या कडेला बसला, बूट काढले आणि त्यातली वाळू झटकली. बराच वेळ झटकत होता. तेवढी वाळू त्याच्या बुटांत नव्हती.

"आपलं ठरलं होतं," शेवटी तो म्हणाला.

"ठरलं होतं," ताई म्हणाली. "मी 'बरं' म्हटलं होतं. तू म्हणशील तेव्हा निघू."

ती खरोखरच निघाली असती. मला तेव्हा तिचा संताप आला. काल हिने मान खाली घालून मदत मागितली ती याच्यासाठी? मी म्हणालो, "योशिहारु, घेऊन जायचं तर जा. पण माझ्या फळ्या वाहून गेल्यात, उद्यापासून तवा हिच्या छपराखाली लावायचा आहे. ही गेली तर परवाना जाणार आणि छप्परही जाणार. मग मी उघड्यावर नूडल्स परतू का?"

"आणि माझ्या टायरी," तेराओ म्हणाला.

नेझु म्हणाला, "माझ्याकडे ठेवण्यासारखं काही उरलेलं नाही. पण मीही येऊन बसलो असतो, सर्वांची हरकत नसेल तर."

योशिहारुने आमच्याकडे एकेक करून पाहिलं. मग आईला म्हणाला, "आधी दवाखाना. मग बघू." आणि बूट न घालताच गोदामाकडे निघाला. संध्याकाळपर्यंत त्याने आणि मी मिळून तिच्या निम्म्या ताट्या परत बांधल्या. त्याच्या गाठी अगदी भावजींसारख्या, म्हणजे वेळेच्या बाबतीत. 'मग बघू' हे त्याने पुन्हा काढलं नाही. तो आता दर शनिवारी येतो आणि आईच्या शिव्या खाऊन रविवारी जातो.

खांद्याचं म्हणाल तर डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानाने ठीक, पण वर जाणार नाही. त्यामुळे आता तिला दिवसभर काही ना काही लागतं. एकदा तोंड उघडल्यावर तिची भीड साफ चेपली. "मोरिवाकी, वरचा डबा काढ." "मोरिवाकी, झेंडा टांग." "मोरिवाकी, ते नाही, त्याच्या मागचं." माझ्या तव्यावर कोबी जळत असतो आणि ही हाका मारत असते. माझी बायको म्हणते, तू मला घरी एक डबा काढून देत नाहीस. मी म्हणतो, तू हाक कुठे मारतेस.

परवा सकाळपासून एकही हाक आली नाही. मी नूडल्स परतत होतो, कान तिकडे. दुपार झाली तरी नाही. शेवटी गॅस बंद केला, हात पुसले आणि तिच्या ओट्यावर गेलो. ती बाकावर बसून समुद्राकडे बघत होती, ठणठणीत.

"काही हवंय का, ताई?" मी विचारलं.

"नाही."

मग मी थोडा वेळ तिथंच बसलो.